डावीकडून ताटाच्या मध्यावर
धान्य-भाजी भरलेल्या मिरच्यांच्या संग्रहाची प्रस्तावना

मराठी ताटात भरल्या मिरचीची जागा डावीकडे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर आणि त्यांच्या रांगेत तेलात परतलेली, पोटात मसाला घेतलेली एखादी मिरची. भाकरीचा घास तोंडात असताना तिचा तुकडा चावायचा, एवढंच तिचं काम. पोट भरण्याची जबाबदारी तिच्यावर कुणी टाकली नव्हती. हे पुस्तक ती टाकतं. ज्वारी, बाजरी, भगर, गव्हाचा दलिया किंवा तांदूळ, हंगामातल्या एक-दोन भाज्या, थोडी डाळ किंवा दाण्याचं कूट असं सारण भरून मिरची ताटाच्या मध्यावर आणायची आणि हे करताना दूध, दही, तूप, लोणी, पनीर, चीज, मध यांतलं काहीही वापरायचं नाही, ही या संग्रहाची चौकट.

वीगन आहाराला संघटनेचं रूप आलं ते १९४४ मध्ये, डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात वीगन सोसायटी काढली तेव्हा. त्यामुळे वीगन म्हटलं की आपल्याकडे अनेकांना परदेशी, महागडं, बदामाच्या दुधाचं आणि डबाबंद टोफूचं काहीतरी आठवतं. भरल्या मिरचीपुरतं बोलायचं तर ही समजूत साफ चुकीची आहे. तिला वीगन करायला आपल्याला तिच्यातलं काही काढावं लागत नाही. डाळीचं पीठ, दाण्याचं कूट, तीळ, लसूण, कोथिंबीर, तेल, लिंबू: या यादीत दुभत्याचा थेंब नाही. काढायचं असलंच तर ते अलीकडच्या काळात हॉटेलांनी तिच्या पोटात कोंबलेलं पनीर आणि चीज.

हा संग्रह कोसाडला जमला, आणि तो इथेच जमावा याला कारण आहे. कोसाड म्हणजे सुरतेच्या उत्तरेला, तापीपलीकडे, अमरोलीला लागून असलेला भाग. सुरतहून बडोद्याकडे गाडी निघाली की उत्राणनंतर कोसाडचं छोटं स्थानक येतं. २००६ मध्ये महानगरपालिकेची हद्द वाढली तेव्हा हे गाव शहरात आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तापीला मोठा पूर आला आणि पुढच्या काळात झोपडपट्ट्यांतून हलवलेल्या कितीतरी कुटुंबांचा संसार कोसाड आवासच्या इमारतींत मांडला गेला. इथे एका जिन्यावर गंजामकडचं ओडिया घर, उत्तर प्रदेशातलं घर, मूळचं सुरती घर आणि आमच्यासारखं खानदेशी घर सहज सापडतं. संध्याकाळी भाजीच्या लारीवर सगळ्यांचे हात एकाच ढिगात असतात, आणि घरी गेल्यावर त्याच मिरचीचे चार वेगळे पदार्थ होतात.

खानदेशी माणूस सुरतेत आला तो तापीच्या कडेकडेनं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तापी खोऱ्याची रेल्वे झाली आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ही गावं सुरतेशी रुळांनी जोडली गेली. वाटेतल्या नवापूरचं स्थानक तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. पुढे कापडाच्या धंद्यानं माणसं ओढली. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागांत मराठी वस्ती दाट झाली, महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग सुरू राहिले, आणि गाठोड्यातून दादर ज्वारी, काळा मसाला आणि दाण्याचं कूट येत राहिलं.

भरली मिरची या शहरात टिकली ती लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, जाणाऱ्या डब्यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. बारा तासांची पाळी, खात्यातला उकाडा आणि सकाळी भरलेला डबा दुपारी उघडायचा. त्यात दह्याची कढी आंबते, पनीर चिकट होतं, पातळ भाजी सांडते. कोरडं, खमंग भाजलेलं पीठ भरलेली मिरची मात्र दुपारपर्यंत तशीच राहते. उलट पिठात मिरचीचा रस मुरून ती जास्त चांगली लागते. दुधाशिवायचं हे अन्न कुणी तत्त्व म्हणून निवडलं नव्हतं. ते परवडत होतं, टिकत होतं आणि चवीला जबर होतं.

आता थोडं मागे जायला हवं. मिरची आपली नाही, ती मेक्सिकोकडची. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आणली. कोलंबसाच्या सफरींनंतर ती युरोपात पोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर राजानं रचलेल्या ‘मानसोल्लासा’त खाण्यापिण्याचा मोठा भाग आहे, पण त्यातला तिखटपणा मिरी-आल्याचा. मिरचीचं नाव त्यात असणं शक्यच नव्हतं. भाजीच्या पोटात मसाला भरण्याची कल्पना मात्र आपल्याकडे मिरचीच्या आधीची आहे, कारण वांगं आपलं आहे. नवी मिरची आली तेव्हा तिच्यासाठी तयार सारण आणि तयार हात दोन्ही इथे वाट पाहत होते. म्हणूनच परकी असून ती इतक्या लवकर घरची झाली.

भोपळी मिरची, म्हणजे गुजराती लारीवरची गोलर मिरची, पुष्कळ नंतरची. तिखट मिरची आणि ती एकाच जातीच्या. फरक असा की भोपळी मिरचीत एका जनुकातल्या बदलामुळे तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन तयारच होत नाही. तिखट मिरचीतही ते बियांत बनत नाही. बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात तिथे ते बनतं. मिरची भरणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. बिया झटकून शिरा तशाच ठेवल्या तर तिखटपणा जात नाही, आणि शिरा नीट खरवडल्या तर लांब पोपटी मिरचीही लहान मूल खाऊ शकतं.

आपल्याकडच्या भरल्या मिरच्यांची घराणी नीट पाहिली तर सारणावरून वेगळी काढता येतात, आणि या पुस्तकाचा पाया तीच घराणी आहेत.

सर्वांत पसरलेलं घराणं डाळीच्या पिठाचं. मराठी घरांत भोपळी मिरची चिरून पीठ पेरून करतात, आणि तेच पीठ चिरलेल्या मिरचीवर पेरण्याऐवजी अख्ख्या मिरचीत भरलं की भरली मिरची. गुजराती बायका या पिठात साखर आणि लिंबू जरा सढळ हातानं घालतात. घाईच्या वेळी गाठ्या कुस्करून त्याचंच सारण करतात, आणि ते खरोखर उत्तम लागतं. त्यांची आवडती मिरची भावनगरी: लांब, जाडसर, फिक्या हिरव्या रंगाची, बेताची तिखट. या घराण्याची सगळी गंमत पीठ भाजण्यात आहे. बेसन मंद आचेवर, वास सुटेपर्यंत आणि रंग एक छटा बदलेपर्यंत भाजायचं, मग त्यात तेल चोळायचं. मुठीत दाबलं तर मुटका व्हावा आणि बोटानं टोचलं की फुटावा. तेल कमी पडलं तर सारण घशाला चिकटतं, पाणी जास्त झालं तर मिरचीत लगदा होतो.

दुसरं घराणं दाण्या-तिळाचं, आणि ते खानदेशाचं बलस्थान. भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट, तीळ, सुकं खोबरं, भरपूर लसूण आणि काळा मसाला. जळगावकडे भरताच्या वांग्यांचा एवढा लौकिक आहे की त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्या पडतात आणि हंगामात मैदानंच्या मैदानं लाल होतात. ज्या मुलखात वांगं आणि मिरची दोन्ही इतकी मानाची, तिथे एकाचं सारण दुसऱ्यात गेलं यात नवल नाही. दाण्याच्या कुटाचा आणखी एक गुण: ते स्निग्ध असल्यामुळे दुभत्याची उणीव जाणवू देत नाही. वीगन स्वयंपाकात नवख्या माणसाला पहिली अडचण येते ती कोरडेपणाची. शेंगदाणा आणि तीळ यांनी ती आपल्याकडे फार पूर्वीच सोडवली आहे.

तिसरं घराणं वाळवणाचं. सांडगी मिरची उन्हाळ्यात करायची. धणे, मेथ्या, हिंग, मीठ असा मसाला भरून ती कडक उन्हात वाळवायची आणि लागेल तेव्हा तळायची. अनेक घरांत ती दह्याच्या ताकात बुडवतात. इथे ताकाऐवजी लिंबाचा रस घेतला आहे. आंबटपणा थोडा वेगळा येतो, नाही असं नाही, पण वाळवण नीट होतं आणि वर्षभर टिकतं.

यापलीकडे जोधपूरचा बटाटा भरलेला मिर्ची वडा आहे, हैदराबादचं शेंगदाणे, तीळ, खोबरं आणि चिंचेचं मिर्ची का सालन आहे. ते सारण नव्हे, रस्सा आहे. पण त्याच्या वाटणानं या पुस्तकातल्या काही मिरच्यांना बसायला जागा दिली, म्हणून त्याची आठवण ठेवली पाहिजे.

या सगळ्यांत एक गोष्ट दिसत नाही: अख्खं धान्य. पीठ आहे, कूट आहे, मसाला आहे; पण शिजवलेली ज्वारी किंवा तांदूळ मिरचीत भरून तिचं जेवण करण्याची रीत आपल्याकडे रुजली नाही. भाकरी आणि भात ताटात वेगळे होतेच, मग ते मिरचीत कशाला? ही रीत पाहायची तर भूमध्य समुद्राच्या काठी जावं लागतं.

तुर्कस्तान, ग्रीस, बाल्कन प्रदेश, कॉकेशस इथे भरली भाजी म्हणजे दोलमा आणि तिचे भाऊबंद. अझरबैजानची दोलमा करण्याची आणि वाटून खाण्याची परंपरा २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्यात मांसाचे प्रकार पुष्कळ, पण तुर्की स्वयंपाकात ऑलिव्ह तेलाच्या थंड पदार्थांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. त्यातल्या भोपळी मिरचीत तांदूळ, कांदा, चिलगोजासारख्या बिया, काळ्या मनुका आणि मसाला असतो. मांस नाही, लोणी नाही. ग्रीसमध्ये टोमॅटो आणि मिरच्या एकाच तव्यात तांदळानं भरून भट्टीत भाजतात. हंगेरीत मिरचीचा मान एवढा की सेगेद शहरात काम करणाऱ्या आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञानं तिथल्या पाप्रिका मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं. त्यांना १९३७ मध्ये नोबेल मिळालं.

त्या देशांत मांसदूध मुबलक असूनही ही निव्वळ धान्य-भाजीची मिरची टिकली, याचं एक मोठं कारण उपास. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास मोठे आणि कडक. त्यांत मांसाबरोबर दूध, लोणी, अंडी हेही वर्ज्य. बल्गेरियात नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणात एकही प्राणिज पदार्थ नसतो, आणि त्या ताटात वाळवलेल्या लाल मिरच्यांत घेवड्याचं सारण भरलेलं असतं. इथिओपियात उपासाच्या दिवशी हिरवी मिरची चिरून तिच्यात कच्चा कांदा आणि टोमॅटो भरतात आणि इंजेरा या तिथल्या भाकरीबरोबर खातात. वीगन सोसायटीच्या कित्येक शतकं आधीपासून लाखो घरांत वर्षाचे अनेक महिने असाच स्वयंपाक होत होता.

या उपासांविषयी वाचताना मला सतत भगरीची आठवण येत होती. एकादशीला, चतुर्थीला आपण भगर खातो आणि तिला उपासाचं धान्य म्हणून बाजूला ठेवतो. शिजायला सोपी, मोकळी होणारी, सारणाचा मसाला शोषून घेणारी, तांदळाइतकीच सौम्य. भरल्या मिरचीसाठी हिच्यासारखं धान्य नाही. दाण्याचं कूट, जिरं, हिरवी मिरची, लिंबू, सैंधव घातलेली भगर एका जाड भोपळी मिरचीत भरली की उपासाची आणि रोजची अशी दोन्ही जेवणं होतात. (भोपळी मिरची उपासाला चालते की नाही यावर घराघरांत मतभेद आहेत, ज्या घरात चालत नाही तिथे भगर वाटीत वाढावी आणि मिरची दुसऱ्या दिवशी भरावी.)

उपास आणि गरिबी, या दोहोंनी जगभर दुधामांसाशिवायचं सारण सांभाळलं. हे एकदा मान्य केलं की वीगन स्वयंपाकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. नवे पदार्थ शोधत बसण्यापेक्षा जुने पदार्थ ज्या अडचणीतून घडले ती अडचण समजून घेणं जास्त फायद्याचं ठरतं.

मराठीत पाकक्रिया छापून यायला लागल्या तेव्हा घरोघरचे हातखंडे दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत जाऊ लागले. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० चं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० चं. ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याच्या मापाची शिस्त लावली आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलींच्या दोन पिढ्या त्या मापावर स्वयंपाक शिकल्या. भरल्या भाज्यांना मात्र माप लावणं अजूनही कठीण आहे, कारण मिरची मापात येत नाही. तिची साल किती जाड, पोकळी केवढी, पाणी किती सोडेल, हे दर खेपेला वेगळं असतं. म्हणून इथे मापाबरोबर खुणा दिल्या आहेत: सारण हाताला कसं लागावं, झाकणाखालचा आवाज कसा असावा, साल केव्हा सुरकुतते. अनुभवी बाई मापाकडे न बघता याच खुणांवर चालते.

नंतरच्या काळात काय झालं तेही सांगायला हवं. शहरी हॉटेलं वाढली, लग्नांतले बुफे वाढले, आणि भरली भोपळी मिरची म्हणजे पनीर, किसलेलं चीज, काजूची लाल ग्रेव्ही असं समीकरण बनलं. ज्वारी-बाजरी गरिबाची म्हणून मागे पडली होतीच; सारणातून पीठ आणि कूटही हद्दपार झालं. मिरचीची चव पनीराखाली दडपली गेली, पदार्थ जड झाला आणि महागही. सुरतेसारख्या शहरात, जिथे जैन स्वयंपाकानं कांदा-लसूण-बटाट्याशिवाय कच्च्या केळ्याचं उत्कृष्ट सारण करून दाखवलं आहे, तिथे पनीरावाचून मिरची भरता येत नाही असं कुणी म्हणावं, याचं मला वाईट वाटतं.

आज हा विषय पुन्हा हातात घ्यावा अशी परिस्थिती आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष पाळलं आणि ज्वारी, बाजरी, नाचणी, भगर यांच्यावर खूप बोललं गेलं. बोलणं झालं तेवढं शिजलं नाही. भाकरी थापण्याचा सराव अनेक तरुण घरांत उरला नाही, आणि भाकरीशिवाय ज्वारीचं काय करायचं हे माहीत नाही, हे त्याचं खरं कारण. सारण हा त्यावरचा सोपा रस्ता आहे. थापता न येणारी ज्वारी भरता येते. दुसरीकडे, कुणाला दूध पचत नाही, कुणी जनावरांच्या कळवळ्यानं दुभतं सोडलंय, कुणाच्या घरी तशी सून किंवा जावई आला आहे. २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं वीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळी हिरवी खूण आणली, म्हणजे मागणी सरकारदरबारी पोचली आहे. या सगळ्यांना महागड्या पाकिटांकडे पाठवण्याआधी स्वतःच्या फडताळातल्या डब्यांकडे पाठवलं पाहिजे.

पोषणाचा हिशेबही सरळ आहे. ज्वारीसारख्या धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, कडधान्यांत ते भरपूर; म्हणून धान्याबरोबर डाळ किंवा दाणे घेतले की एकाची उणीव दुसरं भरतं. खानदेशातली कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, हेच करते. ज्वारी-बाजरीतलं लोह शरीराला सहज मिळत नाही; सोबत क जीवनसत्त्व असलं की ते जास्त शोषलं जातं. भोपळी मिरचीत ते विपुल असतं. शिजवताना त्यातलं काही जातं, म्हणून मिरची अगदी मऊ पडेपर्यंत शिजवू नये आणि वरून लिंबू पिळावं. तीळ आणि नाचणी कॅल्शियम देतात. एक गोष्ट मात्र या पुस्तकातल्या कोणत्याच मिरचीत सापडणार नाही: ब१२ जीवनसत्त्व. वनस्पतीतून ते भरवशानं मिळत नाही. ज्यांनी दुभतं पूर्ण सोडलं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून त्याची गोळी घ्यावी. आहाराविषयीच्या पुस्तकानं हे झाकून ठेवणं अन्यायाचं होईल.

पूर्ण संग्रहाची रीत कळावी म्हणून एक मिरची जवळून पाहू. दादर ज्वारीच्या कण्या अर्धा तास भिजवायच्या आणि साधारण तिप्पट पाण्यात मोकळ्या शिजवायच्या. शिजल्या की लगेच परातीत पसरायच्या, नाहीतर आपल्याच वाफेनं त्यांचा गोळा होतो. दरम्यान भोपळी मिरच्यांची देठाकडची चकती कापून, शिरा काढून, आतून मीठ चोळून त्या दहा-पंधरा मिनिटं पालथ्या ठेवायच्या. मीठ पाणी ओढून घेतं. ते पुसून टाकलं की सारण पाणचट होत नाही. कढईत तेलाची फोडणी: मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हळद. त्यावर किसलेलं गाजर, वाफवलेले तुरीचे दाणे, मग कण्या, दाण्याचं कूट, काळा मसाला, मीठ, लिंबू, कोथिंबीर. चव घेताना सारण नुसतं खायला जेवढं बरं वाटेल त्याहून किंचित खारट आणि आंबट ठेवायचं, कारण मिरचीची साल गोडसर आणि अळणी असते. भरताना अंगठ्यानं हलकं दाबायचं, ठासायचं नाही. शिजवलेलं धान्य असेल तर मिरची काठोकाठ भरावी. तुर्की रीतीनं अर्धकच्चे तांदूळ असतील तर पाऊण भाग, कारण ते आत फुगतात आणि साल फोडतात.

मग जाड बुडाची कढई, चमचाभर तेल, उभ्या ठेवलेल्या मिरच्या, वर खोलगट झाकण आणि झाकणात पाणी. आजीच्या पिढीची ही युक्ती कुठल्याही भट्टीला हार जाणार नाही. झाकण गार राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होऊन परत खाली पडते. वेगळं पाणी न घालता मिरची आपल्याच ओलाव्यात शिजते आणि तळ करपत नाही. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. झाकणातलं पाणी कढत झालं, सालीला सुरकुती पडली आणि बुडाला तपकिरी डाग आले की झालं.

हिवाळ्यात याच मिरचीत कण्यांऐवजी पोंक घालावा. सुरतेत थंडीत ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा भाजलेला पोंक येतो, आपल्या हुरड्याचा सख्खा भाऊ. लोक तो शेव, लिंबू आणि साखरेच्या दाण्यांबरोबर खातात. नदीपलीकडच्या कतारगामची पापडी, हिरवी लसणाची पात, ओलं खोबरं आणि कोथिंबीर, म्हणजे उंधियूचंच वाटण, त्यात पोंक मिसळायचा आणि भावनगरी मिरची भरायची. शिजवायचं अगदी थोडं. पोंक जास्त वेळ आचेवर राहिला तर चिवट होतो. खानदेश आणि सुरत एका घासात येतात असा दुसरा पदार्थ मला माहीत नाही, आणि तो फक्त त्या थोड्या आठवड्यांत करता येतो.

पुस्तकाची मांडणी म्हणूनच प्रदेशानुसार न करता धान्यानुसार केली आहे. एक धान्य हाताशी आलं, ते किती भिजवायचं, किती पाणी, किती मोकळं शिजवायचं हे कळलं, की भाज्या आणि मसाला ज्याच्या त्याच्या घरचा. परदेशी सारणं घेतली तिथे तिथली बी किंवा तेल इथे मिळत नसेल तर चारोळी, मनुका, शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल सुचवलं आहे. पण मूळ पदार्थ काय होता ते सांगितलं आहे, म्हणजे आपण काय बदललं हे वाचणाऱ्याला कळेल. पनीराची नक्कल करणारं, चीजसारखं वितळणारं असं काहीही यात घेतलेलं नाही. धान्याला धान्याची चव पुरते.

पाककृती ज्यांच्या हातून आल्या त्या बहुतेक बाया पाळीवर जाणाऱ्यांचे डबे भरणाऱ्या किंवा स्वतःच कामावर जाणाऱ्या आहेत. त्यामुळे भट्टी, मिक्सरची वेगवेगळी भांडी, दोन तासांची निवांत दुपार यांवर कुठलीच कृती अवलंबून नाही. एक शेगडी, एक कुकर, एक कढई आणि झाकण पुरतं. रात्री धान्य शिजवून ठेवलं तर सकाळी भरण्याचंच काम उरतं.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी प्रत्येक धान्याच्या शेवटी एक सारण वेगळं दिलं आहे. त्यात हिंग आणि आलं वाढवलं आहे. वाटीचं माप सर्वत्र १५० मिलिलिटरचं धरलं आहे. ज्यांनी आजवर एकही मिरची भरलेली नाही त्यांनी भगरीपासून सुरुवात करावी आणि मोठ्या, सरळ उभ्या राहणाऱ्या भोपळी मिरच्या घ्याव्यात. ज्यांचा हात बेसनाच्या मिरचीवर बसलेला आहे त्यांनी थेट ज्वारीच्या कण्यांकडे जावं.